संत्र्याच्या झाडाला तहान लागू द्या

संत्र्याची फोड खाताना बी दाताखाली येते आणि घरातले एखादे लहान मूल ती बी तुळशीशेजारच्या कुंडीत खुपसते. तीन-चार आठवड्यांत कोंब वर येतो. दोन वर्षांत झाड कमरेला लागते. पान चुरगाळले की खरा संत्र्याचा वास येतो आणि घरादाराला आशा लागते. पाच वर्षे जातात. झाड गर्द हिरवे, काटे बोटाच्या पेराएवढे, पण फूल एकही नाही.

दुसऱ्या घरी थेट नर्सरीतून कलम आणलेले असते. चौथ्या वर्षी त्याला फळेही लागतात, पण ती असतात जाड, खडबडीत सालीची आंबट लिंबे. तिसऱ्या घरात झाडही संत्र्याचे आणि फळही संत्र्याचेच, फक्त फळ डिसेंबर उजाडला तरी हिरवे ते हिरवेच.

हे तिन्ही प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा विचारले गेले आहेत की त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहावीत असे वाटले. या तिन्ही घरांत झाडाची हेळसांड कोणी केलेली नाही. उलट रोज पाणी, महिन्याला खत, वेळच्या वेळी छाटणी असे सगळे लाड झालेले आहेत. संत्र्याच्या झाडाला काय हवे आणि ते कधी हवे, एवढेच कळायचे राहून गेले आहे.

बी खोटी नसते

बीपासून लावलेल्या झाडाबद्दल पहिला संशय असा घेतला जातो की बी ‘अस्सल’ निघाली नाही. हा समज आंब्यावरून आला आहे. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. त्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो आई-बाप दोघांच्या मिश्रणातून तयार झालेला असतो. त्यामुळे फळ कोणावर जाईल ते सांगता येत नाही.

संत्र्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची एक बी रुजत घातली की पुष्कळदा दोन-तीन कोंब वर येतात. यांपैकी एखादाच परागीकरणातून झालेला असतो. बाकीचे कोंब बीमधल्या आईच्याच पेशींपासून, बापाचा संबंध न येता वाढलेले असतात. म्हणजे ती आईची हुबेहूब प्रत असते. शास्त्रात याला बहुभ्रूणता म्हणतात. आईच्या प्रती सहसा जोमदार असतात आणि मिश्र गर्भाचे रोप बहुधा मागे पडते. म्हणून नागपुरी संत्र्याच्या बीपासून वाढलेले झाड बहुतेक वेळा नागपुरी संत्र्याचेच निघते. त्याच कुळातल्या पपनसाच्या बीत मात्र हापूससारखा एकच मिश्र गर्भ असतो, त्यामुळे तिथे हा भरवसा धरता येत नाही.

बी लावायचीच असेल तर ताजी लावा. खिडकीत वाळवून ठेवलेली संत्र्याची बी रुजत नाही, कारण वाळली की तिच्यातला जीव जातो.

झाडाचे बालपण

बी अस्सल असेल, तर पाच वर्षांत फूल का नाही? कारण ते झाड अजून लहान आहे. उंची कितीही दिसो, वयाने ते बाळच आहे. माणसाला जसे वयात यावे लागते, तसे झाडालाही यावे लागते. संत्र्याच्या बीपासून वाढलेल्या झाडाला त्यासाठी सहा ते दहा वर्षे लागू शकतात. लांब काटे आणि सरळ आकाशाकडे जाणाऱ्या फांद्या या त्याच्या बालपणाच्या खुणा आहेत. झाड प्रौढ झाले की वरच्या फांद्यांवरचे काटे आखूड होतात आणि फांद्या पसरू लागतात.

हे वय कॅलेंडरवर मोजायचे नसते. संत्र्याचे झाड आपले वय पेरांनी मोजते. फांदीवर जिथून पान फुटते ते पेर. अशी एकावर एक ठरावीक पेरे चढून गेल्यावरच फांदीचे टोक फुलण्याच्या वयात येते. उंच इमारतीचा जिना डोळ्यांपुढे आणा. फुलांचा मजला खूप वर आहे आणि झाड पायरी पायरी करत तिकडे निघाले आहे. गच्चीवरची मंडळी काय करतात, तर झाड नीटनेटके दिसावे म्हणून दरवर्षी शेंडा छाटतात. दहाव्या मजल्यावर पोचलेल्याला चौथ्यावर आणून सोडावे, तसे हे होते. खालच्या भागातून फुटलेली नवी फांदी पुन्हा बाल्यावस्थेतून सुरू होते. बीपासून वाढवलेल्या आणि दरवर्षी छाटलेल्या कुंडीतल्या झाडाला दहा वर्षांतही फूल येत नाही, त्याचे कारण हे आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की मुलांना रुजवणीची गंमत दाखवायची असेल तर बी जरूर लावा. फळ खायचे असेल तर कलम आणा.

डोळा म्हणजे विरजण

संत्र्याचे कलम आंब्याच्या कलमापेक्षा वेगळ्या पद्धतीने करतात. इथे फांदी जोडत नाहीत, ‘डोळा भरतात’. पान आणि फांदी यांच्या बेचक्यात जी बारीक कळी असते तो डोळा. चांगली फळे देणाऱ्या जुन्या झाडाच्या काडीवरून हा डोळा सालीच्या छोट्या ढलपीसकट अलगद काढायचा. वर्षभराच्या दुसऱ्या रोपाच्या सालीवर इंग्रजी ‘टी’सारखा काप द्यायचा, त्यात तो डोळा सरकवायचा आणि पट्टीने बांधायचा. जमिनीपासून साधारण वीतभर किंवा थोडे अधिक उंचीवर हे करतात. डोळा जीव धरू लागला की वरचे रोप कापून टाकतात.

या इवल्याशा डोळ्यात आख्ख्या झाडाचे वय साठवलेले असते. पातेलेभर दुधात चमचाभर विरजण घातले की ते स्वतःचा गुण सगळ्या दुधाला लावते. तसा प्रौढ झाडाचा डोळा नव्या मुळांवर बसला तरी प्रौढच राहतो. त्याने जिना आधीच चढलेला असतो. त्यामुळे डोळा भरलेले संत्रे तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलायला लागते.

ज्या रोपावर डोळा भरतात त्याला खुंट म्हणतात. आपल्याकडे खुंटासाठी मुख्यतः जंबेरी वापरतात, काही ठिकाणी रंगपूर लिंबू वापरतात. दोघेही लिंबाचे दणकट भाईबंद. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात शेंदुरजनाघाट नावाचे गाव आहे. संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी ते ओळखले जाते. तिथे जंबेरीच्या रोपांच्या रांगांमधून बसून डोळे भरणाऱ्या कारागिरांचे हात पाहावेत. चाकूचे दोन काप, अंगठ्याचा हलका दाब, पट्टीचे चार वेढे की पुढचे रोप. पाहणाऱ्याची नजर मागे पडते.

दुसऱ्या घरातल्या लिंबांचे कोडे इथेच उलगडते. जंबेरीचा खुंट मेलेला नसतो. संधी मिळाली की तो जोडाच्या खालून स्वतःचे फुटवे काढतो. त्याची मुळे त्याच्याच ओळखीची असल्याने हे फुटवे जोरात वाढतात. वरचे संत्रे उपाशी पडून मरते आणि मालकाला पत्ताही लागत नाही, कारण कुंडी तर हिरवीगार दिसत असते. ओळखायची रीत सोपी आहे. खोडावर जिथे किंचित बाक किंवा गाठ दिसते तो जोड. त्याच्या खालून आलेला प्रत्येक कोंब कोवळा असतानाच बोटाने मोडून काढा. शंका आली तर दोन्हीकडचे एकेक पान चुरगाळून हुंगा. एकाला लिंबाचा वास येईल, दुसऱ्याला संत्र्याचा. कलम कुंडीत लावताना हा जोड मातीत कधीही गाडू नका.

नर्सरीत वीतभर उंचीवर पिवळ्याजर्द छोट्या फळांनी लगडलेले एक झाड ‘चायना ऑरेंज’ म्हणून मिळते. तेही अनेकजण संत्रे समजून आणतात. ते कॅलामोंडिन, वेगळीच जात. शोभेला सुरेख, सरबताला आणि लोणच्याला उत्तम, पण सोलून खायला फार आंबट. त्याची कितीही सेवा केली तरी ते गोड होणार नाही.

मुळांना हवा लागते

कुंडीबद्दल थोडक्यात सांगतो. अठरा ते चोवीस इंची कुंडी किंवा अर्धा कापलेला ड्रम घ्या. बुडाला भरपूर भोके पाडा, खाली विटा ठेवा आणि दिवसाला निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा शोधा. माती भुसभुशीत हवी. पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाडसर वाळू किंवा कोकोपीट असे मिश्रण चालते. संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच पसरतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले की ती गुदमरतात.

ओल्या खोडाला दुसराही धोका आहे. बुंध्याशी सतत ओल राहिली की बुरशी शिरते, साल कुजते आणि तिथून डिंक पाझरू लागतो. विदर्भात याला डिंक्या म्हणतात आणि त्याने बागाच्या बागा बसलेल्या आहेत. म्हणून तिकडचे शेतकरी खोडाभोवती मातीचे दुहेरी आळे करतात. आतल्या वर्तुळात खोड कोरडे राहते आणि पाणी बाहेरच्या वर्तुळात फिरते. तुम्हीही पाणी कुंडीच्या कडेने द्या. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावली तर आणखी चांगले. एक भाग मोरचूद, एक भाग कळीचा चुना आणि दहा भाग पाणी असे तिचे प्रमाण आहे.

पाणी तोडणे

आता मुख्य गोष्ट. कलम आहे, वय झाले आहे, ऊन आहे, मुळे ठणठणीत आहेत, तरी झाड फुलत नाही. नवी पालवी मात्र बारा महिने येते. असे का?

याचे उत्तर मला पुस्तकात मिळण्याआधी वरुडजवळच्या एका बागेत मिळाले. डिसेंबरचा शेवट होता. आजूबाजूची कपाशी वेचून झाली होती आणि विहिरीला पाणी होते. तरी त्या बागेतल्या झाडांची पाने मलूल होऊन कडांनी आत वळलेली, जमिनीला भेगा. मला वाटले मोटार बिघडली असावी. बागवानाने पानाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, “भाऊ, झाडाले तहान लागू द्या, तवाच थे फुलते.” सहा आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा रस्त्यावरूनच वास आला. त्याच झाडांवर पान दिसू नये इतकी पांढरी फुले होती आणि मधमाश्यांचा आवाज बागभर भरून राहिला होता.

यामागचे कारण समजून घेऊ. सफरचंदासारखी झाडे थंडीत पाने टाकून झोपी जातात. संत्रे सदाहरित आहे, ते खरेखुरे झोपत नाही. पाणी आणि ऊब मिळत राहिली तर ते वाढतच राहते. वाढणाऱ्या झाडात पालवी फोडायला लावणारी संप्रेरके, म्हणजे निरोप पोचवणारी रसायने, जोरात असतात आणि पानांनी तयार केलेले अन्न रोजच्या रोज नव्या पालवीत खर्च होते. हातात येईल ते रोज खर्चणाऱ्या घरात लग्नकार्यासाठी शिल्लक उरत नाही, तसे हे. फुलणे आणि फळे वाढवणे हे झाडाच्या घरातले सर्वांत मोठे कार्य.

थंडी पडली किंवा पाणी तुटले की वाढ थांबते. पाने मात्र उन्हात काही काळ अन्न तयार करतच राहतात. खर्च थांबला आणि मिळकत थोडीफार चालू राहिली की फांद्यांत पिष्टमय पदार्थ साठतो. वाढीच्या संप्रेरकांचा जोर ओसरतो आणि डोळ्यांत पालवीऐवजी कळीची तयारी सुरू होते. मग पाणी मिळाले की ही सगळी शिल्लक एकदम फुलांच्या रूपाने बाहेर पडते. झाडाला असे थांबवण्याला ताण देणे म्हणतात आणि त्यानंतरच्या फुलोऱ्याला बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, जून-जुलैत मृगाच्या पावसावर येतो तो मृग बहार. आंबिया बहाराला थंडीचीही मदत असते, मृग बहाराला मे महिन्यातला कोरडेपणा ताण देतो.

शेतात भारी काळ्या जमिनीत हा ताण महिना-दोन महिने द्यावा लागतो, कारण ती माती ओल धरून ठेवते. हे आकडे कुंडीला लावू नका. कुंडीतली मूठभर माती दोन दिवसांत वाळते आणि तिथे महिनाभर पाणी तोडले तर झाड जाईल. कुंडीत पाणी पूर्ण बंद करायचे नाही, निम्म्याहून कमी करायचे आणि रोज दुपारी पाने बघायची. ती मलूल होऊन किंचित वळली आणि संध्याकाळी पुन्हा सरळ झाली तर ताण बरोबर आहे. सकाळीही ती वळलेलीच राहिली तर ताण जास्त झाला, लगेच थोडे पाणी द्या. दोन-तीन आठवडे असे सांभाळले की पुरते. झाड किमान तीन वर्षांचे आणि निरोगी असेल तरच हे करा. आजारी झाडाला उपाशी ठेवू नये.

ताण तोडतानाही घाई नको. वरची माती हलकी उकरा, शेणखत घाला आणि पहिले पाणी, ज्याला आंबवणीचे पाणी म्हणतात, बेताचेच द्या. चार-पाच दिवसांनी थोडे वाढवा, मग नेहमीसारखे द्या. उपास सोडताना आपण एकदम पोटभर जेवत नाही, तसेच.

चौकट: कुंडीतल्या झाडाचा आंबिया बहार

डिसेंबरचा मध्य: पाणी निम्म्याहून कमी, खत बंद.
जानेवारीचा पहिला पंधरवडा: माती उकरून शेणखत, आंबवणीचे हलके पाणी.
जानेवारीअखेर ते फेब्रुवारी: कळ्या, फुले. पाण्यात खंड नको.
मार्च ते मे: वाटाण्याएवढी फळे. दुपारच्या उन्हात कुंडीवर पालापाचोळ्याचे आच्छादन.
पावसाळा: निचरा, फुटवे काढणे, अळ्यांवर नजर.
ऑक्टोबर ते डिसेंबर: काढणी.

फुले गळणारच

बहार आला की आठवड्याभरात कुंडीखाली पांढरा सडा पडतो आणि फोन येतात. घाबरू नका. संत्रे गरजेपेक्षा कितीतरी जास्त फुलते. शंभर फुलांतून दोन-चार फळे शेवटपर्यंत टिकली तरी ते झाड चांगले चालले आहे असे समजावे. एकटे झाडही फळते, त्याला जोडीदार लागत नाही. पाण्याचा हेलकावा मात्र टाळा. आज कोरडे, उद्या तुडुंब असे झाले की टिकणारी फळेही गळतात आणि पुढे मोठी झालेली फळे तडकतात.

पहिल्या बहाराला लहान झाडावर पाच-सहापेक्षा जास्त फळे ठेवू नका. जड मनाने का होईना, उरलेली वाटाण्याएवढी असतानाच काढून टाका. आणि पिकलेली फळे शोभेसाठी महिनोन्महिने झाडावर ठेवू नका, कारण झाडावरचे फळ पुढच्या वर्षीच्या फुलांना अडवते.

पान वाचायला शिका

पाने पिवळी पडली की लोक खत घालतात. आधी बघा, कोणती पाने पिवळी पडली आहेत ते. खालची जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी पडते आहे. नवी पाने बारीक, अरुंद आणि शिरांच्या मधल्या जागेत पिवळी असतील तर जस्त कमी आहे. नवी पाने जवळजवळ पांढुरकी आणि त्यावर हिरव्या शिरांची नाजूक जाळी असेल तर लोह मिळत नाही. जस्त आणि लोह मातीत पुष्कळदा असतात, पण बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांमुळे माती चुनखडीसारखी होते आणि ही द्रव्ये मुळांना उचलता येत नाहीत. डब्याचे झाकण घट्ट बसले म्हणजे आतले पीठ असून नसल्यासारखे, तशी ही गत. जस्तासाठी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना मिसळून पानांवर फवारा. शक्य असेल तर पावसाचे पाणी साठवून कुंडीला द्या.

कोवळ्या पानावर कधी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे दिसते. काडीने हळूच डिवचा. ती हलली आणि डोक्यामागून दोन केशरी शिंगे बाहेर आली, आंबट उग्र वास सुटला, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की ती हिरवी होते आणि दोन दिवसांत शेंडा साफ करते. लहान झाडावर हाताने वेचणे पुरेसे असते. मी तिला शेजारच्या कढीपत्त्यावर सोडतो, तिथेही तिचे पोट भरते. पानात चंदेरी नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. पाने वाकडी होतात, पण झाड मरत नाही. कडुनिंबाच्या अर्काची फवारणी कोवळ्या पालवीवर करावी.

हिरवे असूनही पिकलेले

उरले तिसरे घर. संत्र्याच्या सालीतला केशरी रंग हिरव्या रंगद्रव्याने झाकलेला असतो. रात्री पुरेशा थंड झाल्या की हे हिरवे द्रव्य मोडते आणि आतला रंग उघडा पडतो. नागपूर-अमरावतीकडे हिवाळ्यात पारा १२-१३ अंशांच्याही खाली जातो, म्हणून तिथला आंबिया रंग धरतो. मुंबई, कोकण, गोवा इथे रात्री उबदार राहतात आणि फळ आतून पिकले तरी सालीवर हिरवटपणा राहतो. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या नावामागे ही थंडी, कोरडी हवा आणि ती माती आहे. किनारपट्टीच्या दमट हवेत संत्रे तग धरते, पण रमत नाही. तिथे मोठे अंगण असेल तर मी पपनस लावायला सांगेन आणि गॅलरीच असेल तर कागदी लिंबू.

पुणे, नाशिक, संभाजीनगर आणि विदर्भात मात्र जरूर संत्रे लावा. फळ काढण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. आंबा, केळे काढल्यावर पिकतात, कारण त्यांच्यातल्या पिठाची नंतर साखर होते. संत्र्यात असा साठा नसतो. त्याला अढी घालून उपयोग नाही. झाडावरून उतरले त्या क्षणी ते जितके गोड असेल तितकेच गोड राहते. म्हणून रंगावर जाऊ नका. एकच फळ काढा, सोलून खा. आंबट लागले तर बाकीची आणखी पंधरा दिवस झाडावर राहू द्या. आणि काढताना ओढू नका. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ओढले की देठापाशी फाटते आणि फळ दोन दिवसांत नासते. कात्री घ्या आणि देठ सालीलगत कापा.